मागे ओतलेलं पाणी

प्रतिभाला कळा सुरू झाल्या तेव्हा छगनने सगळ्यात आधी घरातला झाडू लपवला.

बाकी काही करायचं उरलंच नव्हतं. सोनोग्राफीचे कागद, आधार कार्ड, रक्तगटाची चिठ्ठी असं सगळं एका पिशवीत घालून महिनाभरापासून दाराजवळच्या खुंटीला टांगलेलं होतं. शेजारच्या ईश्वरची बोलेरो डिझेल भरून उभी होती. छगन रोज सकाळी जाऊन काटा बघून यायचा. पोरीचे दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, पण कळा काही कॅलेंडर बघून येत नाहीत. सकाळचे दहा वाजले होते. धीरज शर्ट चढवता चढवता बहिणीला म्हणत होता, "दम धर, दम धर," आणि ती म्हणत होती, "तूच धर. माले नको शिकाडू." छगनने झाडू उचलला आणि माळ्यावर केळीच्या रिकाम्या क्रेटमागे टाकला. मग मोरीत जाऊन दोन्ही बादल्या उपड्या करून ठेवल्या.

"छगन, झाडू कोठे शे रे?" तुळशीबाईने विचारलं. ती त्याची चुलती. पंचाहत्तर वर्षांची, पलीकडच्याच घरात राहणारी. छगनची बायको कोकिळा गेल्यापासून या घरातली चूलही तिच्याच हातात होती. "आंगनमा पाचोळा पडेल शे."

"राहू द्या काकू. आज झाडानं नही."

"काब्रं?"

"प्रतिभा गयी का तिन्हा मांगे कोनी झाडाले नको. पानी टाकाले नको. आंग बी धवाले नको. मी सांगी ठेवस."

"माले सांगस?" तुळशीबाई म्हणाली. "आरे, तुन्हा मायले मी शिकाडेल शे हाई."

तिचं खरं होतं. हे कोणाला शिकवावं लागत नाही. माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठीमागे लगेच घर झाडत नाहीत, उंबऱ्याबाहेर पाणी टाकत नाहीत. ते फक्त एकदाच करतात. तिरडी उचलली, माणसं वळणाच्या पार गेली, की मागे राहिलेल्या बायका घर झाडून काढतात आणि ओटा धुतात. जित्या माणसाच्या मागे पाणी ओतायचं म्हणजे त्याला परत येऊ नको असं सांगणं.

पण छगनकडे आणखी एक कारण होतं, आणि ते त्याने सव्वा वर्षात कोणालाही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर चौथ्या दिवशी कोकिळा भाकरी थापता थापता उठली आणि डोकं धरून ओट्यावर येऊन बसली. दोनदा उलटी झाली. डोळे उघडवत नव्हते. ईश्वरने हीच बोलेरो काढली, दोघातिघांनी तिला मागच्या सीटवर आडवी केली. ईश्वर म्हणाला, "काका, तुम्ही कागदं लिसन मोटरसायकलवर या. मी थांबत नही." गाडी गेली. छगन ओट्यावर एकटा उभा राहिला. उलटीवर माश्या बसायला लागल्या होत्या. त्याने मोरीतून बादली आणली आणि ओटा धुतला. एका बादलीने निघालं नाही, म्हणून दुसरी आणली. मग पेटीतले कागद शोधले. तो शहाद्याला पोचला तोवर तिला धुळ्याला हलवलं होतं. धुळ्याला पोचला तेव्हा ती बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं ते ओट्यावर ठेवायलाच.

दहाव्याला बायका बसल्या होत्या तेव्हा तुळशीबाई सहज बोलून गेली, "तिन्हा मांगे त्या दिनले कोनी पानी टाकं व्हतं का काय, देव जाने." तिच्या मनात काही नव्हतं. बायका बोलतात तसं ती बोलली. छगन उठला आणि शेतात निघून गेला. त्या दिवसानंतर त्याने ओट्यावर पाण्याचा थेंब टाकला नाही. तुळशीबाई धुवायची, तेही तो घरात नसताना. त्याला हे आवडत नाही एवढं तिला कळलं होतं. का ते तिने विचारलं नाही.

आता गाडी दाराशी लागली. ईश्वर स्टीअरिंगला, पुढे धीरज. मागे ईश्वरची बायको रोशनी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून प्रतिभा. रोशनीची तीन बाळंतपणं शहाद्याच्या त्याच दवाखान्यात झाली होती, तिला तिथली नर्सपासून पाणी तापवणारीपर्यंत सगळी माणसं माहीत. प्रतिभाचा नवरा लखन सुरतेला कामाला होता. त्याला फोन झाला होता, तो परस्पर शहाद्याला येणार होता.

"आबा, बठा ना पुढे," धीरज म्हणाला. "मी मागे डिकीमा बठस."

"नही. तुम्ही जा. मी घरनी राखण करस."

"घरले काय व्हयनं? याहीन शे, तुळशीमाय शे."

"जा म्हणस ना!"

धीरजला वाटलं, बापाला दवाखान्याची भीती वाटते. तेही थोडं खरं होतं. पण छगन मागे थांबत होता तो ओट्यासाठी. तो ओट्याच्या पायरीवर असा उभा राहिला, की आतून कोणाला बाहेर यायचं तर त्याला ओलांडूनच यावं लागलं असतं. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. घरात या रीतीतलं काहीही माहीत नसलेल्या दोन बायका होत्या: सून आणि सुनेची आई, म्हणजे याहीन.

धीरज सात वर्षांपासून जर्मनीत एका यंत्रांच्या कंपनीत होता. तिथेच त्याने नेर्मिनशी लग्न केलं. कोकिळाने सून फक्त फोनवर पाहिली. म्हणाली, "पोर हासरी शे. आजून काय पाहिजे?" येईन येईन म्हणता सून आली ती सासू गेल्यावर सव्वा वर्षाने, आणि येताना आपल्या आईलाही घेऊन आली. तिचं नाव हातिजे. साठीची, ठेंगणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. गावाने तिला 'तुर्कस्ताननी याहीन' करून टाकलं, पण ती तुर्कस्तानातली नव्हती. तिचं गाव बल्गेरिया नावाच्या देशात, डोंगरात. तिथे तुर्क लोक शेकडो वर्षांपासून राहतात, तंबाखू लावतात. शेजारी बल्गेरियन, चर्चमध्ये जाणारे.

पहिल्याच दिवशी छगनने विचारलं होतं, "मंग याहीन तुर्क शे का बल्गेरियानी?"

नेर्मिनने आईला विचारलं. हातिजेबाई हसली आणि काहीतरी बोलली.

"आई म्हनस," नेर्मिन म्हणाली, "ते सरकार ठरवस. आम्हले कोनी इचारत नही."

नेर्मिन बोलायची ती अहिराणी. धीरजने शिकवलेली. हीच मराठी असं ती दोन वर्षं समजून होती, आणि मुंबईच्या विमानतळावर साहेबाला "आम्ही नंदुरबारले जाई ऱ्हायनूत" म्हणाली तेव्हा साहेबाने पासपोर्ट तिसऱ्यांदा उघडून पाहिला. गावात मात्र तिचं कौतुक झालं. पोरं तिच्याकडून उगाच काहीबाही वदवून घ्यायची.

हातिजेबाईला भाषा येत नव्हती, पण ती गप्प बसणारी बाई नव्हती. सारंगखेड्याच्या यात्रेत तिने घोड्याचा जबडा उघडून दात मोजले आणि व्यापाऱ्याला मान हलवून 'नाही' म्हटलं. तिचा बाप खेचरांचा धंदा करायचा. घरी ओट्यावर बसून ती एकेका वस्तूकडे बोट दाखवी. साबण? तिच्या भाषेत साबुन, तिच्या गावातल्या बल्गेरियन शेजारणीच्या भाषेत सापुन. शिशी? दोघींकडे शिशे. दुकान? हिचं दुक्कान, तिचं द्युक्यान. मैदान हिच्याकडे मेयदान, तिच्याकडे मेग्दान.

"म्हणजे तुम्हना शेजारी बी हाईच बोलतस?" छगनने विचारलं होतं. "आनि भांडताना?"

"भांडनले दोन्ही 'कावगा' म्हनतस," नेर्मिन म्हणाली. "लई लागस तो शब्द."

असं सगळं गेले दोन आठवडे मजेत चाललं होतं.

ईश्वरने गाडी सुरू केली. प्रतिभाने काचेतून हात वर केला. छगनने हात केला. गाडी पिंपळाजवळच्या वळणाकडे निघाली आणि छगनच्या काखेखालून कोणीतरी घाईने बाहेर आलं. हातिजेबाई होती. तिच्या हातात माठावरचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. ती अनवाणीच चार पावलं रस्त्यात धावली आणि तिने तांब्यातलं सगळं पाणी गाडीच्या मागे, चाकांच्या खुणांवर फेकलं.

"सु गिबी गित, सु गिबी गेल!" ती मोठ्याने म्हणाली.

तुळशीबाईच्या तोंडून "ओ माय वं!" एवढंच निघालं, आणि ती उंबऱ्यावर बसली.

छगनला पायरी कधी उतरलो ते कळलं नाही. त्याने हातिजेबाईच्या हातातून तांब्या हिसकावला. "काय करं हाई? काय करं तुम्ही?" तो ओरडत होता. आयुष्यात तो पाहुण्यावर ओरडला नव्हता, आणि विहिणीवर तर नाहीच. "मन्ही पोर जाई ऱ्हायनी! मरेल माणूसना मांगे टाकतस पानी! मरेल माणूसना!"

हातिजेबाईला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. ती दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला. रस्त्यातलं पाणी मातीत जिरून गेलं, फक्त एक काळा पट्टा राहिला. पिंपळाजवळची धूळही खाली बसली होती. गाडी दिसेनाशी झाली होती.

नेर्मिन आतून धावत आली. तिने आधी आईकडे पाहिलं, मग छगनकडे.

"आबा, ऐका ना," ती म्हणाली. "आईनी चांगलं करं. चांगलं."

"काय चांगलं? तुले काय म्हाईत?"

"आई म्हननी, पानीगत जाय, पानीगत ये. पानी कसं सरळ जास, अडत नही. तशी जाय आनि तशी वापस ये. आम्हनाकडे कोनी गावले निंघस ते मांगे पानी टाकतस. मी जर्मनीले गयी तवय बी टाकं. दर बारीले टाकस. मी दर बारीले वापस उनी."

छगन तांब्या हातात घेऊन ओट्यावर बसला. त्याने धीरजला फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला. रस्त्यात एक पट्टा असा आहे की तिथे कोणाचाच फोन लागत नाही, हे त्याला वीस वर्षांपासून माहीत होतं. तरी तो लावत राहिला.

तुळशीबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, "आसं कसं आसी? आम्हनाकडे मरानं, तुम्हनाकडे जगानं? पानी ते एकच शे."

नेर्मिनने ते आईला सांगितलं. हातिजेबाई ऐकत होती. मग ती छगनपासून हातभर अंतर सोडून ओट्यावर बसली आणि बोलायला लागली. हळू, थांबून थांबून, मुलीला सांगायला वेळ देत. नेर्मिनची अहिराणी जिथे अडे तिथे तिचे हात चालायचे.

नेर्मिनच्या जन्माच्या सहा-सात वर्षं आधीची गोष्ट होती. हातिजे चोवीस वर्षांची, नवं लग्न झालेलं. तिथल्या सरकारने ठरवलं की देशात तुर्क नाहीतच. सगळ्यांची नावं बदलली. हातिजेची झाली क्रिस्तिना. घराबाहेर तुर्की बोलायला बंदी. चार-पाच वर्षं अशी काढली, आणि मग एका उन्हाळ्यात सरकारने सीमा उघडली: जायचं तर जा तुर्कस्तानात. लाखो माणसं निघाली. हातिजेच्या नवऱ्यानेही जुन्या गाडीच्या टपावर गाद्या बांधल्या. शेतात तंबाखू अर्धी तोडायची राहिली होती.

शेजारी रायना नावाची बल्गेरियन बाई. हातिजेची आणि तिची बोलचाल दोन वर्षांपासून बंद.

"कसाना करता?" तुळशीबाईने विचारलं.

"कोंबडी," नेर्मिन म्हणाली. "तिन्ही कोंबडी आम्हना वाफामा उनी."

"हां," तुळशीबाई म्हणाली. तिला ते पटलं.

गाडी निघाली तेव्हा रस्त्यात पोलीस उभे होते. गावातलं कोणी बाहेर आलं नाही, सगळे पडद्याआडून बघत होते. आणि रायना तांब्याची बादली घेऊन फाटकाबाहेर आली आणि तिने सगळी बादली गाडीच्या मागे ओतली. पोलिसाने विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, धूळ बसवते, दिसत नाही का? हातिजेने मागच्या काचेतून पाहिलं. तोवर ती रडली नव्हती.

"तुर्कनी रीत, आनि ती बाई करस?" छगनने विचारलं. कधीपासून ऐकायला लागलो हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"तेबी करतस, आम्ही बी करतस. आई म्हनस, तुम्ही आम्हनापाशीन शिकनात. रायना म्हने, तुम्हीच आम्हनापाशीन. मरेपर्यंत भांडन्यात त्या त्यान्हावर."

"मरेपर्यंत? म्हणजे वापस उन्यात?"

"पुढला वरीसले. तठे गमनं नही. वापस उनूत ते रायनानी चावी काढीसन दिधी. कोंबड्या बी संभाळ्यात. आनि तंबाखू तोडीसन, दोरीमा ववीसन, घरमा टांगी ठेयेल व्हती. एक शब्द बोलनी नही. फक्त म्हननी, तुम्हनी कोंबडी मन्हा वाफामा येस."

तुळशीबाई हसली. आधी तोंडावर पदर धरून, मग उघडच. छगनही हसला असता, पण हातातला फोन अजून गप्प होता.

हातिजेबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मुलीला काहीतरी विचारलं. नेर्मिन जरा घुटमळली.

"आई इचारस," ती म्हणाली, "तुम्ही इतला काब्रं भ्यानात? कोना मांगे पानी टाकं व्हतं?"

सव्वा वर्षात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. घरातल्यांनी विचारलं असतं तर तो उठून शेतात गेला असता. पण समोरच्या बाईला त्याची भाषा येत नव्हती, आणि का कोण जाणे, त्यामुळेच सांगणं सोपं झालं.

"मी टाकं," तो म्हणाला. "कोकिळाना मांगे. मीच टाकं."

तुळशीबाईचं हसणं थांबलं.

त्याने सांगायला सुरुवात केली. एकदम सांगता येत नव्हतं, कारण दर दोन वाक्यांनी नेर्मिन हात वर करून त्याला थांबवायची आणि आईला सांगायची. मग वळून विचारायची, "मंग?" ती उठली. मंग? ओट्यावर बसली. कुठे? इथेच, या खांबाला टेकून. मंग? उलटी झाली. ईश्वर आला. मंग कोनी उचललं? मी पायाकडे, ईश्वर डोक्याकडे. गाडीत ठेवली. दरवाजा लागेना, तिचा पदर अडकत होता.

"मंग?"

"मंग पदर मी आत घाला. तिनी डोया उघाडात."

"मंग? ती काय बोलनी?"

छगन बोलायला गेला आणि थांबला.

त्याने हा दिवस मनात हजार वेळा काढला होता, पण प्रत्येक वेळी तो सुरू व्हायचा गाडी गेल्यानंतर. रिकामा ओटा, माश्या, बादली. त्याच्या आधीचं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता ही पोर 'मंग, मंग' करत त्याला एकेक पायरी खाली नेत होती आणि त्याला गाडीचं दार दिसलं, हिरवा पदर दिसला, आणि कोकिळाचा चिडलेला, बारीक झालेला आवाज ऐकू आला.

"ती बोलनी," तो म्हणाला, "आहो, ओटा धुई टाका. लोक येतीन."

नेर्मिनने ते आईला लगेच सांगितलं नाही.

"हां वं," तुळशीबाई म्हणाली. "बोलनी ना ती. मी आठेच कुडपाशी उभी व्हतू. आयकं मी. ओटा धुई टाका, लोक येतीन. गाडी गयी आनि मी घर गयू, पन मन्हा ध्यानमा शे."

"काकू! आनि तुम्ही दहावाले काय बोलनात मंग?"

"मी काय बोलनू?"

"तिन्हा मांगे कोनी पानी टाकं व्हतं का काय, आसं."

तुळशीबाईला आठवेना. खरंच आठवेना. "बोलनू व्हसू," ती म्हणाली. "मन्हं तोंड काय एक ठिकाने ऱ्हास का? तू इतला दिन ते धरीसन बठेल व्हता? येडा शे का रे तू, छगन?" आणि मग तिचाच आवाज कापरा झाला. "मरानं टेकेल व्हती, तरी तिले ओटानी पडेल. तशीच व्हती ती. लगीन व्हयीसन उनी तवयपासून तशीच."

छगनने तोंडावर हात घेतले. तो रडला, पण ते रडणं अंगावरचं ओझं खाली टेकवल्यासारखं होतं. नेर्मिनने हळू आवाजात आईला राहिलेलं सगळं सांगितलं. थोड्या वेळाने हातिजेबाईने आपल्या रुमालाचं टोक पुढे केलं, मग आपण त्याची विहीण लागतो हे लक्षात येऊन मागे घेतलं आणि नेर्मिनच्या खांद्यावरची ओढणी ओढून त्याला दिली.

मग ती बोलली. थोडंच. नेर्मिननेही सावकाश सांगितलं. नेर्मिनच्या वडिलांना बारा वर्षांपूर्वी छातीच्या ऑपरेशनला शहरात नेलं, तेव्हा हातिजेने एक तांब्या नाही, अख्खी बादली ओतली होती. ते परत आले नाहीत.

"आई म्हनस, पानीना काय दोष? आपन टाकतस ते आपला मन करता. येनारा येस. आनि म्हनस, जी बाई ओटा धुई टाका सांगस, तिले घर येवानंच व्हतं. नही ते कसाले सांगती?"

रस्त्यातला ओला पट्टा आता वाळला होता. छगनने हातातला तांब्या आत नेऊन माठावर उपडा घातला, परत बाहेर आला, आणि हातिजेबाईपुढे दोन्ही हात जोडले. तिने ते हात खाली केले आणि काहीतरी म्हणाली, आणि नेर्मिन हसायला लागली.

"काय म्हननी?"

"म्हननी, कावगा संपना."

फोन वाजला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. तोवर तुळशीबाईने दोनदा चहा केला होता, आणि कोणीच जेवलं नव्हतं. धीरजचं नाव पाहून छगनने फोन नेर्मिनच्या हातात दिला. तिने कानाला लावला, ऐकलं, आणि तिला अहिराणी, जर्मन, तुर्की काहीच सुचेना. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी तुळशीबाईने फोन काढून घेतला.

"बोल रे!... हां... हां... सिझर?... आनि प्रतिभा?... नीट सांग!... हां." तिने फोन खाली केला. "आंडेर व्हयनी, छगन, नात. दोन किलो चारशे. बीपी वाढना म्हणीसन सिझर करं. दोन्ही चांगल्या शेतस. प्रतिभा शुद्धीवर शे आनि म्हनस भूक लागनी."

छगन पायरीवर बसला. "भूक लागनी?" त्याने विचारलं.

"हां, भूक लागनी."

"मंग चांगली शे," तो म्हणाला. "मंग चांगली शे ती." तो हे आणखी तीन-चार वेळा म्हणाला.

सहाव्या दिवशी मायलेकी घरी आल्या. गाडी दाराशी थांबली तेव्हा तुळशीबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन तयार होती. तिने प्रतिभावरून आणि बाळावरून तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं, तुकडा डावीकडे आणि पाणी उजवीकडे टाकलं आणि दोघींच्या डोळ्यांना ओला हात लावला. हातिजेबाई डोळे मोठे करून बघत होती. तिने नेर्मिनला दंडाला धरून हलवलं आणि भराभर बोलली.

"आई म्हनस, तुम्ही बी टाकतस ना पानी! मंग आबानी मन्हावर काब्रं आवाज करा?"

"जाताना नही टाकत," तुळशीबाई म्हणाली. "येताना टाकतस. सांग तिले."

नेर्मिनने सांगितलं. हातिजेबाईने जरा विचार केला. मग म्हणाली, चांगलं आहे. आम्ही जाताना टाकू, तुम्ही येताना टाका, म्हणजे रस्ता दोन्हीकडून ओला राहील. हे ऐकून प्रतिभा टाके धरून हसली आणि म्हणाली, "माले हासाडू नका वं, दुखस."

बाळ आत गेलं. बायका आत गेल्या. लखन सामान उतरवत होता. ओट्यावर भाकरीचा चुरा, चिखलाचे पाय, दवाखान्याच्या पिशव्यांचे कागद पडले होते. छगनने माळ्यावर चढून झाडू काढला. तो कुठे टाकला हे तो सहा दिवस विसरला होता आणि तुळशीबाईने गावातून नवा आणला होता, वर त्याला ऐकवलंही होतं. त्याने ओटा झाडला. मग मोरीत जाऊन बादली सुलटी केली, नळाखाली धरली.

तो बादली घेऊन बाहेर आला तेव्हा धीरज ईश्वरची बोलेरो घेऊन परत निघाला होता. पेढे आणायचे राहिले होते आणि बाळाचं एक औषधही. गाडी हलली, आणि छगनने बादली कलती केली.

"आरे थांब!" तुळशीबाई दारातून ओरडली. "थांब ना जराखा! गाडी जाई ऱ्हायनी!"

"जाऊ द्या काकू," छगन म्हणाला. "पेढा लिसन येई तो."

पाणी ओट्यावरून पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरून रस्त्यात गेलं. त्याने खराट्याने कोपरे घासले, खांबाच्या बुडापाशी जरा जास्त वेळ. एका बादलीने निघालं नाही, म्हणून दुसरी आणली. आत बाळ रडत होतं आणि हातिजेबाई त्याला कुठल्याशा भाषेत काहीतरी गुणगुणत होती, तुर्की असेल नाहीतर बल्गेरियन.

थोड्या वेळाने लोक यायला लागले. ओटा स्वच्छ होता.